पाहुणीच्या बाटलीतलं पाणी

आमच्या, म्हणजे पारे लोकांच्या, लुकोंगे खोऱ्यात पाणवाटप समितीचा चेअरमन कसा निवडतात ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. भांडणात जो कुणाचीच बाजू घेत नाही, त्याला निवडतात. मी कुणाची बाजू घेत नाही, कारण समोरचा तावातावाने बोलत असतो तेव्हा माझ्या डोक्यात गाणं चाललेलं असतं. लोक म्हणतात, म्झे (म्हणजे वडीलधारे) एलिएनेझा किती शांतपणे ऐकून घेतात! मी ऐकत नसतोच. रविवारच्या उपासनेतलं ध्रुवपद खाली घ्यावं की वर, एवढाच प्रश्न मला पडलेला असतो.

गाणं हा माझा जुना आजार. त्यातही आमचे उपदेशक सेनकोंदो बाबा गाऊन प्रवचन करतात, ते ऐकायला मी दोन डोंगर ओलांडून जातो. बाबा साधंच बोलत असतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग एका वाक्यावर त्यांचा पाय अडखळल्यासारखा होतो आणि ते वाक्य गाणं होऊन बाहेर पडतं. मागे गायकवृंद ते झेलतो, धरून ठेवतो, आणि बाबा पुन्हा हळूच बोलण्यात उतरतात. त्या वेळी माझ्या डोळ्यांना धार लागते. बायको म्हणते, "पाटाला एवढी धार लागती तर बरं झालं असतं."

आमच्या चर्चच्या गायकवृंदात मी खर्ज लावतो. म्हणजे मी त्याला खर्ज म्हणतो. बाकीचे त्याला गोठ्यातला आवाज म्हणतात.

तर, पाट. डोंगराच्या कुशीत आमचं तळं आहे, न्दिवा म्हणतो आम्ही त्याला. रात्रभर झऱ्यांचं पाणी त्यात साठतं, पहाटे मोरीचं बूच काढलं की पाट वाहू लागतो. आधी वरची आळी, मग मधली, मग चर्च, मग खालची आळी, आणि अगदी शेवटी माझ्या थोरल्या बहिणीचं, नाकिज्वाताईचं, आल्याचं शेत. वरचे लोक पाळीपेक्षा थोडं जास्त घेतात, मधले त्याहून थोडं जास्त. वाटेत कुणाची डुकरं पाटाकाठी, कुणी बाजाराला नेण्याआधी आलं पाटात धुतं, कुणाच्या गायीचा गोठा अगदी पाटावर कललेला. त्या गायीचं नाव बेलिता, आणि ती माझी आहे. एवढं सगळं पाहून, सोसून जे पाणी ताईच्या बांधाला लागतं, त्याला पाणी म्हणायचं धैर्य फक्त चेअरमनलाच होतं. हिरवट, कोमट, करंगळीएवढी धार. त्यात वळवळणारे बारीक जीव. ताई ते उकळून पिते आणि आल्याला तसंच घालते. आलं मात्र पिवळं पडून बसतं.

ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा खाली सपाटीवर सामे गावात दुकान चालवतो. तो केव्हापासून तिला बोलावतोय. सामे म्हणजे ऊन, धूळ आणि सिमेंटची जमीन. ताईने त्या हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "एली, एवढा एक हंगाम बघते. पाणी आलं नाही तर शेत सोडते आणि जाते पोराकडे. तिथे खुर्चीवर बसून मरेन."

"असं बोलू नये ताई," मी म्हणालो.

"मग पाणी दे. चेअरमन ना तू?"

ताई गेली तर माझं काय होईल, हे मला चांगलं माहीत होतं. आईवडील गेल्यापासून मला तोंडावर हसणारं एकच माणूस उरलं होतं. बाकीचे पाठीमागे हसतात, त्याने माणूस सुधारत नाही.

आणि देवाची दया अशी, की त्याच वेळी तालुक्याहून निरोप आला. पाण्याची आणि पाटबंधाऱ्यांची पारख करायला एक इंजिनिअर बाई खोऱ्याखोऱ्यांतून फिरणार होत्या. ज्या खोऱ्याची दशा सगळ्यात वाईट, त्याला आधी मदत: पाटाला दगडी अस्तर आणि खालच्या आळीला पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र नळ.

मी सभा बोलावली. सभेत मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दशा वाईट असेल त्यालाच मदत. दुसरी, येणाऱ्या बाई दूरच्या आहेत, आपल्या पाहुण्या आहेत. पहिली गोष्ट तिथल्या तिथे विरून गेली. दुसरी मात्र सगळ्यांच्या अंगात शिरली.

"पाहुणी येणार आणि तळ्यात एवढा गाळ?"

"काय म्हणेल ती! पारे लोक गाळात राहतात?"

"गायकवृंदाचे झगे धुवायला हवेत."

"मका-घेवड्याचे मकांदे कोण शिजवणार? मागच्या वेळी घेवडा कच्चा राहिला होता."

आणि मी, चेअरमन, ज्याने पहिली गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली होती, उठून काय म्हणालो? म्हणालो, "स्वागताचं गाणं मी करतो."

दुसऱ्या दिवशी शिंग वाजलं. आमच्याकडे शिंग वाजलं की घरटी एकाने कुदळ घेऊन यायचं, सबब चालत नाही. सगळं खोरं तळ्यावर लोटलं. तळं उपसलं, गाळ काढला, पाटातलं गवत खरवडलं. मी बांधावर उभा राहून काम करणाऱ्यांना चाल लावून देत होतो. डुकरं डोंगरावर हाकलली. बेलितालासुद्धा माझ्या मेव्हण्याकडे पोचवलं, तिनेही वाटभर तक्रार केली. पाटाकाठच्या शेणाच्या खुणा राखेने पुसल्या. शेवटी मी वरच्या आळीला हात जोडून विनंती केली, "उद्या एक दिवस पाळी सोडा. पाहुणीसमोर पाट कोरडा दिसायला नको."

वरच्या आळीने कधी नव्हे ते ऐकलं. सबंध वर्षात त्यांनी माझं ऐकलं ते तेवढंच.

बाई आल्या. आइकांडे उरिओ त्यांचं नाव. उंच, पायात रबरी बूट, पाठीवर पेटी. त्यांनी वाकून "शिकामो" केलं. वडीलधाऱ्यांना असंच करतात. आणि नाव ऐकताच सगळ्यांना कळलं, बाई किलिमांजारोच्या, चग्गा. मग काय विचारता! चग्गा आणि आम्ही पारे, एकमेकांना टोमणे मारायचा आम्हाला जन्मापासून परवाना आहे. त्यात राग धरायचा नाही. आणि एकाने दुसऱ्याला बनवलं, तर बनलेला मागेल तो दंड बनवणाऱ्याने भरायचा.

"हे ते पारे का," बाई म्हणाल्या, "एका कोंबडीसाठी गाय विकून खटला लढणारे?"

"आणि आपण त्या चग्गा का," मी म्हणालो, "मेल्यावरही जवळ नाणं वाजलं तर उठून बसतात त्या?"

सगळे खदखदून हसले. तिथेच आमचं जमलं. आणि तिथेच, आता वाटतं, सगळं बिघडलं. कारण जमलेल्या पाहुणीला माणूस जास्तच जपतो.

"पाण्याची काय खबर, म्झे?"

"छान," मी म्हणालो. खबर विचारली की आम्ही छानच म्हणतो. घर जळलं असलं तरी आधी छान, मग चहा, मग घराचं. पण चहा झाला, बाईंनी पेटी उघडली, आणि घराचं सांगायचं राहून गेलं.

बाईंनी तळ्याचं पाणी बाटलीत भरलं, एक सळई बुडवली, रंगीत कागद भिजवून पाहिले. पाण्याचा वेग मोजायला पाटात एक संत्रं सोडलं आणि हातातलं घड्याळ बघत त्याच्या कडेने चालू लागल्या. संत्रं आमच्या उपसलेल्या, खरवडलेल्या, भरून वाहणाऱ्या पाटातून वरातीला निघाल्यासारखं ऐटीत चाललं होतं. मागे बाई, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे धुतलेल्या झग्यांत गायकवृंद. मला गहिवरून आलं. मी म्हटलं, बघा, काय शोभा आहे आमच्या खोऱ्याची!

शेवटाला ताईच्या बांधावर उतार निसरडा होता. बाईंचा पाय सटकला. मी लगेच पुढे. "बसा मॅडम, बसा. माझी ताई भरून आणेल. तिचंच शेत."

बाईंनी बाटली ताईच्या हातात दिली. "पाटातलं हवं, ताई. धारेकडे तोंड करून, वरचं नको, थोडं आतलं."

"हो हो," ताई म्हणाली आणि केळींच्या मागे गेली. आली तेव्हा बाटली अशी चमकत होती की माझ्या छातीत अभिमान दाटला. माझ्या मनात आलं, एका दिवसाच्या सफाईने काय फरक पडतो! चेअरमन चांगला असला म्हणजे असं होतं.

मग मकांदे झाले, आल्याचा चहा झाला, माझं स्वागतगीत झालं. कडवी थोडी जास्त होती. बाई शेवटी उभ्या राहूनच ऐकत होत्या, त्यांची गाडी कधीची भोंगा वाजवत होती.

पुढचे काही आठवडे मी डोंगरावरून खाली बघत दगडी पाट कुठून कसा जाईल याची रेघ हवेत काढत होतो. मग एका रविवारी, उपासना संपून मंडळी अंगणात उतरते न उतरते तोच, माझा फोन वाजला. आइकांडे बाई! मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आणि मला जे सुचलं ते असं, की त्या बोलतील ते वाक्य वाक्य मी मोठ्याने सांगावं, बाबा प्रवचनात सांगतात तसं, आणि मंडळीने उत्तर द्यावं. असली संधी आयुष्यात दोनदा येत नाही, असं मला वाटलं. (ती दोनदा आली. पण ते पुढे.)

"लुकोंगेचं पाणी," मी गर्जलो, "तालुक्यात सगळ्यात उत्तम!"

"हालेलुया!" मंडळी.

"पाट भरपूर वाहतो, शेवटच्या शेताला पुरेसं पाणी!"

"हालेलुया!"

"पाणी पिण्यालासुद्धा चालेल!"

टाळ्या. बायकांनी जिभेने तो आनंदाचा उलूलू केला. मी फोन कानाला तसाच धरून गायकवृंदाला खूण केली आणि आम्ही उपकारस्तुती सुरू केली. पहिलं कडवं जोरात झालं. दुसऱ्या कडव्यात बाईंचं शेवटचं वाक्य माझ्या कानात पोचलं: मदत पलीकडच्या खोऱ्याला जाते आहे, तिथे दशा फार वाईट आहे, पण तुमचं अभिनंदन, म्झे.

माझा खर्ज बंद पडला. बाकीचे गात होते. मग माझ्याकडे बघून एकेक आवाज गळत गेला, आणि शेवटी एकच म्हातारी, जिला ऐकू येत नाही, ती एकटी देवाचे आभार मानत राहिली.

"काय झालं, चेअरमन?"

"आपण जिंकलो," मी म्हणालो. "म्हणून हरलो."

त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. अर्ध्या तासात खटल्याची तयारी सुरू झाली. मधल्या आळीतला एक जण म्हणाला, वकील करू, सरकारने आमचं पाणी चांगलं ठरवून आमची बदनामी केली आहे. दुसरा म्हणाला, साक्षीदार म्हणून डुकरं उभी करू. तिसऱ्याने, साक्षीला डुकरं कुणाची, यावरून वेगळा खटला काढला.

पण माझ्या डोक्यात एक गोष्ट टोचत होती. पाट भरपूर वाहिला, ते माझं काम. पण पिण्यालासुद्धा चालेल? ताईच्या बांधाचं पाणी? एका सफाईने?

मी ताईकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"ताई, त्या दिवशी बाटलीत काय भरलंस?"

"पाणी."

"कुठलं?"

ताई राख ढवळत म्हणाली, "पाहुणीला प्यायला म्हणून पहाटे डोंगरावरच्या झऱ्याची घागर आणली होती. त्यातलं."

"ताई! तिला पाटातलं हवं होतं!"

"आणि तुला काय वाटतं, मी वाकले नव्हते पाटावर?" ती एकदम उसळली. "वाकले होते. बाटली बुडवली होती. तू पाट भरलास खरा, पण पाणी तेच ना! वरून गाळ ढवळून आलेलं. त्यात ते किडे वळवळताना दिसले. परक्या लेकीच्या हातात मी ते कसं देऊ? आई वरून बघत असेल! ओतलं, बाटली विसळली, चांगलं भरलं."

"पण तुझंच शेत जातंय, ताई."

"ते मला आत्ता कळलं ना!" ताई म्हणाली, आणि देवा, आम्हा दोघांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझं हसू थांबलं तेव्हा पाहिलं, तर ताईचं केव्हाच थांबलं होतं, डोळे तेवढे वाहत होते.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं मकांद्याचं मोठं मातीचं भांडं माझ्या बायकोच्या हवाली केलं. आईचं भांडं ते. "सामेला गॅस आहे," ती म्हणाली. "त्यावर हे तडकेल. तुमच्याकडे असू दे."

त्या आठवड्यात सेनकोंदो बाबा आमच्या चर्चमध्ये आले. त्यांना आमच्या पाण्याचं काहीच माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, कारण मी नंतर चौकशी केली. त्यांनी एका आजारी माणसाची गोष्ट सांगितली. त्याला दवाखान्यात न्यायचं ठरलं. तर तो उठला, आंघोळ केली, लग्नातला कोट घातला, तोंडाला पावडर लावली. डॉक्टरने विचारलं, कसं आहे? म्हणाला, देवाच्या कृपेने छान. डॉक्टर म्हणाला, मग घरी जा. "आणि तो घरी गेला," बाबा बोलले, आणि तिथे त्यांचा पाय अडखळला, "कोट घालून गेला, घरी गेला, घरी गेला..." गायकवृंदाने झेललं. मी खर्ज लावला. मला ती गोष्ट फार आवडली. पहिल्या फेरीला वाटलं, हे मधल्या आळीला बरोब्बर लागू पडतं. दुसऱ्या फेरीला वाटलं, ताईला लागू पडतं. तिसऱ्या फेरीला मी माझ्या अंगावरचा पांढराशुभ्र झगा पाहिला. तो आदल्याच दिवशी पाटात धुतला होता, निळीसकट.

दुसऱ्या सकाळी मी ताईला घेऊन सामेची गाडी पकडली, बाईंची कचेरी तिथेच होती. मांडीवर पाच लिटरचा डबा, तिच्या बांधाच्या पाण्याने भरलेला. वळणावळणाला ते डचमळून माझ्या विजारीवर सांडत होतं, आणि आजूबाजूचे प्रवासी नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असे बघत होते, की मी खुलासा करायचं सोडून दिलं.

आइकांडे बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी घराचं आधी सांगितलं, चहा नंतर. त्या आधी गंभीर होत्या. मग टेबलावर डोकं ठेवून हसल्या.

"म्हणजे पेपरात नापास होऊ नये म्हणून दुसऱ्याचा पेपर लिहून दिलात?"

"तसंच काहीसं, मॅडम."

"आणि नापास झालं तरच बक्षीस होतं?"

"ते मीच सभेत सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी डबा उघडून वास घेतला, लगेच झाकण लावलं. "हे मी घेऊ शकत नाही. मागच्या वेळी बाटली माझी होती, तरी पाणी तुमच्या मनासारखं आलं. आता तर डबाही तुमचा. मलाच यावं लागेल. आणि साहेबांना काय सांगू? परत का जाते?"

"सांगा, पारे लोकांनी स्वतःविरुद्धचा खटला जिंकला."

बाई पुन्हा हसल्या. मग बोट उगारलं. "पण तुम्ही मला बनवलंत. चग्गा बाईला. दंड लागेल."

"बकरी?" मी घाबरत विचारलं.

"बकरी नको. मी येईन तेव्हा तुम्ही काहीही साफ करायचं नाही. गाणं नाही, जेवण नाही. आणि ही ताई मला पेल्यात पाणी देईल. प्यायला. पाटाच्या शेवटाचं."

भिंतीला टेकलेली ताई ताठ उभी राहिली. "त्यापेक्षा मी आजच इथे सामेत राहते."

"मग राहा," बाई शांतपणे म्हणाल्या. "शेत जाऊ दे."

परतीच्या गाडीत डबा मात्र ताईनेच धरला होता.

बाई आल्या तेव्हा खोरं जसं आहे तसंच होतं, आणि असं राहायला आम्हाला किती कष्ट पडले, ते देवालाच माहीत. एक म्हातारी पाटाकाठी झाडू मारताना सापडली, तिच्या हातातून झाडू काढून घ्यावा लागला. डुकरं जागेवर होती. बेलिता तर खुशीत होती. वरच्या आळीने पाळीपेक्षा जास्त पाणी घेतलं होतं, त्यांना सांगायची गरजच पडली नाही.

बाईंनी संत्रं सोडलं. ते ताईच्या शेतापर्यंत पोचलंच नाही. मधल्या आळीखाली गवतात अडकून बसलं, आणि एक डुक्कर ते खाऊन गेलं.

मग ताईच्या बांधावर बाई दगडावर बसल्या. "ताई, तहान लागली आहे."

ताईच्या हातात पेला होता. तिने पाटात वाकून तो भरला आणि तशीच उभी राहिली. तिचे पाय हलेनात. सगळी खालची आळी बांधावर जमली होती. मला वाटलं, आता ही पेला ओतणार आणि घागरीकडे जाणार.

आणि घाबरलो की माझं जे होतं, तेच झालं. माझ्या तोंडातून गाणं निघालं. गाण्याला बंदी होती, पण ते काही स्वागताचं नव्हतं. आधी बोललो, मग पाय अडखळला.

"हे पाणी निघालं तळ्यातून, स्वच्छ निघालं," मी म्हणालो, "आणि भेटलं त्याला सिमियोनचं डुक्कर..."

"माझ्या डुकराचं नाव घेऊ नकोस!" बांधावरून सिमियोन ओरडला. "तुझ्या गायीचं बोल!"

"आणि भेटली त्याला बेलिता," मी गायलो, "चेअरमनची बेलिता, जिची शेपूट पाटात..."

"पाटात, पाटात!" गायकवृंदाने झेललं. सवयच आहे त्यांना.

"आणि भेटला त्याला साबण, प्रभूच्या गायकांचा साबण..."

"साबण, साबण!" हे जरा हळू आलं.

"आणि वरच्या आळीने घेतलं थोडं, मधल्या आळीने घेतलं थोडं, आणि उरलं ते आलं माझ्या ताईकडे..."

तिथे माझा आवाज फुटला. खर्ज वगैरे काही राहिला नाही. बांधावर सगळे गात होते, सिमियोनसुद्धा. आणि त्या गाण्यात, कुणाकडे न बघता, ताई पाऊल पाऊल पुढे गेली, तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि दोन्ही हातांनी पेला पाहुणीपुढे धरला.

आइकांडे बाईंनी तो दोन्ही हातांनीच घेतला. उन्हात धरला. पाणी हिरवं होतं, आणि त्यात एक बारीक जीव मजेत उलट्या मारत होता.

"दंड पोचला, ताई," त्या म्हणाल्या. प्यायल्या नाहीत. पेला बाजूला ठेवून पेटीतून बाटली काढली आणि बूट चिखलात रुतवून, गुडघे टेकून, धारेकडे तोंड करून, स्वतःच भरली. ताई दुसरीकडे बघत म्हणाली, "निदान चहा तरी घ्या हो. चहा उकळतोच आम्ही." बाईंनी चहा घेतला. तो दंडात धरायचा की नाही, यावर खालच्या आळीत अजून वाद चालू आहे.

पुढचा फोनही रविवारीच आला. मंडळी अंगणातच होती. मी हात वर केला. या वेळी आधी सगळं ऐकून घेतलं, खाली बसून, शेवटच्या शब्दापर्यंत. एवढं तरी मी शिकलो. मग उभा राहिलो.

"लुकोंगेचं पाणी," मी गर्जलो, "तालुक्यात सगळ्यात वाईट!"

"हालेलुया!"

"शेवटच्या शेताला पाणी पोचतच नाही!"

"हालेलुया!"

"असं घाण पाणी बाईंनी कुठेच पाहिलं नाही! मदत पुढच्या फेरीला, आधी आपल्याला!"

उपकारस्तुतीची सगळी कडवी झाली. पलीकडच्या खोऱ्यातला एक जण पाहुणा म्हणून आला होता, तो आमच्याकडे डोळे मोठे करून बघत होता.

संध्याकाळी ताई आमच्या दारात आली. बसली नाही. सरळ चुलीकडे गेली, भांडं उचललं, उलटं करून बघितलं.

"बूड जाळलंय," ती माझ्या बायकोला म्हणाली. "एक महिना ठेवलं तर बूड जाळलंत! आणि हा," मला, "बांधावर काय गात होता? कुणाला लागेना चाल. मीसुद्धा चुकले."

"तू गात होतीस?" मी म्हणालो.

ताई भांडं डोक्यावर घेऊन निघाली. दारातून वळून म्हणाली, "आणि त्या गायीला हलव आधी. दगडाचा पाट बांधतील, तो तुझ्या बेलितासाठी नाही."

मी बेलिताला हलवलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.